मेरिन यंदाच्या गाडीवर बसली

दर वर्षी मोटारसायकलचं नवीन मॉडेल जाहीर झालं की आमच्या घरात आठवडाभर दुसरा विषय नसतो. म्हणजे मला नसतो. गेल्या वर्षीपेक्षा चौकट कुठे बारीक केली, मागचं सस्पेन्शन किती मऊ झालं, क्लचच्या पट्ट्या बदलल्या का, हे सगळं मी जेवताना सांगत बसतो आणि माझी बायको मेरिन मुकाट्याने बटाटे वाढत राहते. तिचं मत ठरलेलं आहे. पहिल्या वर्षीच्या गाडीतल्या चुका आपण शोधायच्या आणि सुधारलेली गाडी पुढच्या वर्षी दुसऱ्याने घ्यायची, असला उद्योग तुलाच शोभतो, असं ती मला म्हणते.

तिची स्वतःची गाडी आठ वर्षांची. आम्ही दोघं बरान्डी गावाच्या आसपास गुरांच्या कुरणांवरचे पाण्याचे पंप दुरुस्त करतो. ट्रक जिथे रुततो तिथे मेरिन त्या गाडीवरून जाते. रोज संध्याकाळी हवेचा फिल्टर धुणार, मुदतीच्या आधीच तेल बदलणार. ती गाडी वाटेत बंद पडलेली मी एकदाही पाहिली नाही, आणि ही गोष्ट मेरिन मला विसरू देत नाही.

जून महिन्यात, म्हणजे आमच्याकडच्या हिवाळ्यात, वाळवंटातली शर्यत असते. पहिल्या दिवशी बरान्डीहून रेल्वेच्या जुन्या स्टेशनापर्यंत, रात्री तिथे मुक्काम, दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने परत. यंदा मेरिन तिच्या नेहमीच्या आणि मी माझ्या नव्याकोऱ्या गाडीवर उतरणार होतो. शर्यतीला पंधरवडा उरला असताना शेजारच्या माणसांना नवं सस्पेन्शन दाखवायला म्हणून मी आमच्या तळ्याच्या बांधावरून उडी घेतली. सस्पेन्शन उत्तम निघालं. माझं खांद्याजवळचं हाड मोडलं.

मग असं ठरलं, की माझी गाडी टीगनने चालवायची. टीगन आमची मुलगी. अ‍ॅडलेडला नर्स आहे, शर्यतीसाठी रजा काढून येते. पण अनोळखी गाडीवर पोरीला बसवण्याआधी आपण स्वतः ती तासभर चालवून बघणार, असं मेरिनने बजावलं आणि दुपारी कोरड्या नदीच्या पात्रात निघून गेली.

तास झाला, दोन झाले. टीगन म्हणाली, बंद पडली असेल, जाऊन बघू या का. मी म्हटलं, नवी गाडी बंद पडत नाही. पण मनातून धास्तावलो होतोच. ऊन उतरल्यावर लांबून आवाज आला. मेरिन अंगणात आली, टाकीतलं पेट्रोल पार तळाला गेलेलं. हेल्मेट काढलं, तोंडावर लाल धूळ, ओठांवर काही केल्या आवरत नसलेलं हसू. नळाखाली डोकं धरलं, भरपूर पाणी प्यायली आणि म्हणाली, "टीगन, तू माझी घे."

टीगन हसून लोळायची बाकी राहिली. "बाबा, तुमच्या हाडाचं चीज झालं," ती मला म्हणाली.

शर्यतीच्या सकाळी इतका गारठा होता की बोटं क्लचवर वळत नव्हती. एकेक गाडी सुटत होती. मेरिन सुटली तेव्हा मागच्या चाकाने उडवलेली वाळू माझ्या चहाच्या मगात पडली, आणि मी तो चहा तसाच प्यायलो, इतका मी भान हरपून तिच्याकडे बघत होतो. पहिल्या दिवशी ती बायकांमध्ये सगळ्यांत पुढे आली आणि टीगन तिच्या थोडी मागे, दुसरी.

मुक्कामाला शेकोटीवर मी सॉसेज भाजत होतो. मेरिन बोलायला लागली ती थांबेचना. वाळूचे उंचवटे या गाडीखाली कसे सपाट होतात, पुढचं चाक वाकडं जाऊ लागलं तर ते आपसूक कसं सरळ येतं, आणि इतका वेळ उभं राहून चालवूनही मनगटं कशी दुखत नाहीत. मी तिच्या ताटात सॉसेज वाढत राहिलो. इतक्या वर्षांत इतकं सुख मला कुणी दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आदल्या दिवशीच्या अंतरानेच गाड्या सोडतात, म्हणजे जो आधी पोहोचेल तो जिंकला. निम्म्या वाटेवर पेट्रोल भरायचा थांबा होता. मी तिथे हात गळ्यात बांधून उभा. मेरिनची धूळ दिसली, आवाज कानावर आला, आणि आमच्यापासून हाकेच्या अंतरावरच्या शेवटच्या उंचवट्यावर पुढचं चाक रुतून ती गाडीसकट आडवी झाली. लगेच उठली. गाडी उभी केली, बटण दाबलं. इंजिन नुसतं फिरत राहिलं, पेटलं नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

थांब्याबाहेर चालकाशिवाय कुणी गाडीला हात लावायचा नाही, असा नियम. बोलायला बंदी नव्हती. मी मोडका खांदा धरून वाळूतून धावत सुटलो. यंदा कंपनीने गाडीत एक लहानसा सेन्सर बसवला होता. गाडी आडवी पडली की तो इंजिन बंद करतो, म्हणजे फिरतं चाक माणसावर येत नाही. त्याचं कौतुक मी सलग तीन जेवणांत केलं होतं. आता काय झालं असेल ते मला धावतानाच कळलं, आणि ओरडून सांगायला छातीत श्वास नव्हता.

पोहोचलो तर सीट आधीच काढलेली. सेन्सरची रबरी पकड निसटली होती आणि त्याची डबी वायरीला उलटी लोंबत होती. गाडी उभी असूनही त्या डबीच्या लेखी अजून पडलेलीच. मेरिनने हँडलला गुंडाळून ठेवलेली चिकटपट्टी दातांनी तोडली, डबीवर कोरलेला बाण बघून ती सरळ धरली आणि चौकटीला घट्ट बांधायला लागली.

"बाण वर," ती म्हणाली. "तूच सांगितलं होतंस."

"मला वाटायचं, तू ऐकतच नाहीस."

"तू सांगतोस इतक्यांदा, लायल, की न ऐकायची सोय नाही."

एवढ्यात टीगन आली. आईला थांबलेली बघून तिने वेग कमी केला. मेरिनने मान वर न करता हात हलवून तिला पुढे पिटाळलं. आठ वर्षांची ती गाडी आमच्या शेजारून गेली, आणि तिचा आवाज जराही कुरकुरत नव्हता. मेरिनने सीट बसवली, बटण दाबलं. काही नाही. तिचा चेहरा पडला.

"किल्ली बंद करून पुन्हा चालू कर," मी म्हटलं. "सेन्सर आधी पडलेलं विसरला पाहिजे."

तिने तसं केलं आणि इंजिन एका झटक्यात पेटलं. मी तिथेच वाळूत बसलो.

मग मी पेट्रोलच्या ट्रकमधून डांबरी रस्त्याने बरान्डीला परतलो. ट्रकच्या रेडिओवर वाटेतले पंच पुढे गेलेल्यांच्या वेळा सांगत होते. कुरणांच्या प्रत्येक फाटकाला आई आणि मुलीतलं अंतर कमी होत होतं. ट्रकवाला कधी मेरिनच्या बाजूने ओरडायचा, कधी टीगनच्या. मला कुठली बाजू घ्यावी ते कळत नव्हतं, म्हणून मी दोन्ही घेत होतो.

आम्ही शेवटच्या रेषेशी पोहोचलो तेव्हा नदीच्या पात्रातून धुळीचे दोन लोट येत होते. मेरिन उंचवट्यांवरून तरंगत येत होती, अंतर डोळ्यांदेखत संपत होतं. टीगन काठाच्या कडक मातीवरून खाली वाकून गाडी हाणत होती, ती वाट तिला आईनेच लहानपणी दाखवलेली. टीगन एका गाडीच्या लांबीने आधी आली. बायकांमध्ये पहिली. मेरिन दुसरी. दोघी गाड्या सोडून एकमेकींना मारत सुटल्या, निदान लांबून तरी तसंच दिसत होतं.

संध्याकाळी टीगनने जाहीर केलं, की ती जुनी गाडी अ‍ॅडलेडला घेऊन जाणार. मेरिनने त्या गाडीच्या टाकीवरची धूळ हाताने पुसली. मग म्हणाली, "फिल्टर रोज धुवायचा. कंटाळा केलास तर येऊन परत नेईन." आणि ट्रेलरवर गाडी चढवून दोऱ्या तिने स्वतः आवळल्या.

आमचं घर गावाबाहेर, मातीच्या रस्त्याने अर्ध्या तासावर. टीगनने ट्रक सुरू केला, मी तिच्या शेजारी बसलो, आणि मेरिनसाठी दार उघडं ठेवलं. तिने हातानेच नको म्हटलं, हेल्मेट घातलं आणि नव्या गाडीवरून आमच्या पुढे निघाली. घरापर्यंत आम्ही तिची धूळ खात गेलो.