लाल खुणेपर्यंत

माझ्या डाव्या नडगीत आता एक सळई आहे. ती गुडघ्याखालून शिरते आणि घोट्याच्या चार बोटे वर थांबते. दोन्ही टोकांना स्क्रू मारून तिला जागच्या जागी धरले आहे. ज्या शल्यविशारदाने ती बसवली, त्याने एक्स-रे दाखवला तेव्हा मी त्याला सहा प्रश्न विचारले आणि त्याने सहाही प्रश्नांची उत्तरे न चिडता दिली. बाहेर रुग्णांची रांग असताना हे सौजन्य सामान्य नव्हे. ज्यांचे आभार मानावेत अशा माणसांत मी त्याला आरंभी ठेवतो, कारण तो सर्वांत सोपा आहे. त्याच्याशी मी खोटे वागलो नव्हतो.

मी पादत्राणे करणारा माणूस आहे. खाली दुकान, वर घर, मध्ये सतरा पायऱ्या. एकतीस वर्षे लोकांच्या पावलांची मापे घेत आलो आहे, आणि माझ्या हातच्या जोड्याविषयी कोणी काहीही म्हणो, तो चालताना पायातून निसटला असे अद्याप कोणी म्हटलेले नाही. हा अभिमान निरुपद्रवी आहे असे मी अनेक वर्षे समजत होतो.

अपघातानंतर नऊ आठवडे माझा मेहुणा रोज साडेचारला गाडी घेऊन येत राहिला. हा पत्नीचा धाकटा भाऊ. लिफ्टच्या दुरुस्तीचे काम करतो. लहानपणी खिशात पाना घेऊन झोपत असे, म्हणून घरी त्याला पान्या म्हणतात. आज त्याच्या हाताखाली सहा माणसे आहेत, तरी बहिणीच्या तोंडी तो पान्याच आहे. तो मला बगलेत धरून सतरा पायऱ्या उतरवी, फिजिओथेरपीच्या दवाखान्यात नेई, तासभर भिंतीला टेकून उभा राही आणि पुन्हा सतरा पायऱ्या चढवी. मी आभार मानू लागलो की तो मान फिरवून म्हणे, "राहू द्या भाऊजी. ज्यानं मोडलं त्यानं उचलायला नको का?"

हे वाक्य मी पंचेचाळीस-पन्नास वेळा तरी ऐकले असेल. ते असत्य आहे हे जगात फक्त मला ठाऊक होते.

घडले ते असे. मेहुणा दहा वर्षे मला बर्फावर स्की करायला बोलावत होता आणि मी दहा वर्षे त्याच्याशी त्यावर वाद घालत होतो. या हिवाळ्यात माझे मुद्दे संपले. त्याने आपली स्कीची जुनी जोडी मला दिली. स्कीच्या पट्टीवर बूट धरून ठेवणारा एक खटका असतो; त्याला छोटी खिडकी असते, खिडकीत आकडे असतात आणि स्क्रू फिरवला की काटा सरकतो; आकडा जितका मोठा, तितका खटका घट्ट. मेहुणा वजनाने नव्वद किलो आणि वेगाचा शौकीन. त्याचा आकडा आठ. तिथे त्याने लाल रंगाचा ठिपका देऊन ठेवला होता, कारण लिफ्टवाले ज्या स्क्रूला एकदा योग्य जागी आणतात, त्याच्या जागेवर खूण करतात. माझ्यासाठी त्याने दोन्ही काटे साडेचारवर आणले आणि समजावले, "पडलात आणि पाय पिळला, की हा खटका उघडतो. बूट सुटतो, पाय वाचतो."

मी मान डोलावली. मला ते पटले नव्हते.

सकाळच्या पहिल्या तासात डाव्या पायाचा बूट दोनदा सुटला. शिकाऊ उतारावर सात-आठ वर्षांच्या मुलामुलींची रांग उभी होती, त्यांतील एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "ते आजोबा परत सांडले." मेहुणा तेव्हा वरच्या उतारावर गेला होता. मी बाकावर बसून खटका न्याहाळला. काटा साडेचारवर, ठिपका आठवर. मी असा विचार केला की, खूण ही कारागिराने योग्य जागा ठरवून केलेली असते. काटा तिथून ढळलेला आहे. आणि पायातून निसटणारे पादत्राण हे सदोष पादत्राण होय. तिन्ही विधाने आपापल्या जागी निर्दोष होती. मी कॉफीच्या टपरीवरून स्क्रूड्रायव्हर मागून आणला आणि डावा काटा लाल खुणेपर्यंत नेला. उजवा सुटला नव्हता, म्हणून त्याला हात लावला नाही. अर्ध्या तासाने मी तिसऱ्यांदा पडलो. बूट सुटला नाही. नडगी सुटली.

मला खाली आणल्यावर मेहुण्याने स्की तपासल्या. उजवा साडेचारवर, डावा आठवर. त्याने जो निष्कर्ष काढला तो कोणत्याही प्रामाणिक मिस्त्रीने काढला असता. इस्पितळात माझ्या उशाशी बसून तो म्हणाला, "उजवा लावला आणि डावा राहिला माझ्याकडून." पहिल्या दिवशी मी औषधाच्या गुंगीत होतो, ही सबब खरी आहे. दुसऱ्या दिवशी नव्हतो. दुसऱ्या दिवशी पत्नीने त्याच्यासमोर म्हटले, "इतकं बावळट काम तुझ्या हातून झालंच कसं?" आणि मी भिंतीकडे तोंड केले. पुढे प्रत्येक दिवस आदल्या दिवसापेक्षा अवघड होत गेला, कारण आता नुसता स्क्रू सांगून भागणार नव्हते, आदल्या दिवसाचे मौनही सांगावे लागणार होते.

नवव्या आठवड्यापर्यंत हाड जुळले होते. कुबड्या मात्र सुटत नव्हत्या. फिजिओथेरपिस्ट ही तिशीची, बारीक अंगाची मुलगी; तिच्या बोटांत मात्र पहिलवानाचा जोर. ती मला दोन दांड्यांमध्ये उभे करी आणि डावा पाय टेकवायला सांगे.

"टेकवला आहे," मी म्हणे.

"काका, ठेवलाय. टेकवला नाहीये. पाहुण्यांच्या घरी खुर्चीच्या कडेवर बसतात ना, तसा उभा आहे तो."

"दुखतो म्हणून."

"दुखतो की दुखेल असं वाटतं?"

"या दोहोंत फरक काय?"

"एकाला मी गोळी देऊ शकते," ती म्हणाली, आणि भिंतीशी उभ्या मेहुण्याकडे पाहून हसली. तो हसला नाही. तो माझ्या पावलाकडे पाहत होता, आपण बिघडवलेल्या यंत्राकडे माणूस पाहतो तसा.

त्या बुधवारी सकाळी पत्नी माझा पाय तेलाने चोळत होती. हे काम तिने नऊ आठवडे एकदाही टाळले नाही, दुकानात येणारी गिऱ्हाइके सांभाळून केले, आणि माझ्या सूचनांचे प्रमाण वाढले की अंगठा अधिक जोराने दाबला, एवढाच निषेध नोंदवला. ती म्हणाली, "पान्या तपासनीसाची जागा नाकारतोय."

ही जागा त्याला चौदा वर्षांच्या कामानंतर मिळत होती. दुरुस्ती दुसऱ्यांनी करायची, याने तपासायची. याची सही झाली की लोक लिफ्टमध्ये पाऊल ठेवणार.

"का म्हणून?"

"म्हणतो, अर्धं काम राहिलेलं ज्याला आठवतसुद्धा नाही, त्यानं सही करू नये. घरी गॅस तीनदा बघतो म्हणे, कुलूप चारदा. शुक्रवारी नकार कळवणार आहे. तुम्ही बोला ना त्याच्याशी. तुमचं ऐकतो तो."

मी बोललो. त्याच दिवशी गाडीत बोललो, आणि किती भ्याडपणे बोललो ते इथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. सत्य न सांगता त्याची समजूत पटते का, ते मी पाहत होतो.

"धक्क्यांनी काटा सरकलाही असेल," मी म्हटले.

"भाऊजी, स्क्रू धक्क्यांनी सैल होतो. धक्क्यांनी घट्ट होणारा स्क्रू मी अजून बघितला नाही."

"एखादा अपवाद असू शकतो."

"बरोबर माझ्या खुणेवर येऊन थांबणारा?" तो सिग्नलला थांबला आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून म्हणाला, "गंमत सांगू? मला दोन्ही लावलेले आठवतात. डावा आधी लावला होता, बोटाला गार लागलेलं आठवतं. म्हणजे न केलेलं काम मला केल्यासारखं आठवतं. उद्या लिफ्टच्या ब्रेकचंही आठवेल तसंच."

त्याची स्मृती खणखणीत होती आणि माझ्या मौनाने तो तिच्यावर अविश्वास ठेवायला शिकला होता. माझा पाय मी मोडला, ते एक वेळ माझे मी पाहून घेतले असते. परंतु त्याचा त्याच्या हातांवरचा भरवसाही मीच मोडत होतो, रोज साडेचारला, त्याच्याच खांद्यावर भार टाकून.

गुरुवारी दवाखान्यातून परतल्यावर मी त्याला दुकानात थांबायला सांगितले. पत्नी वर गेली होती. तो माझ्या कुबड्या हातात घेऊन उभा होता. मी कामाच्या मेजाला टेकलो. रापी, आरी, दोऱ्याची रिळे, सगळे पत्नीने पुसून ओळीने ठेवलेले होते.

"डावा खटका मी आवळला," मी म्हणालो.

मग त्याने जे विचारले ते मिस्त्रीने विचारावे तसे विचारले.

"कधी?"

"तू वरच्या उतारावर होतास तेव्हा."

"कशानं?"

"टपरीवरच्या स्क्रूड्रायव्हरनं."

"कुठपर्यंत?"

"लाल खुणेपर्यंत."

तो गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसला. "का?"

"बूट सुटत होता."

"सुटायलाच हवा असतो तो. मी सकाळी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस. मला पटलं नव्हतं."

"मग भांडायचं होतं. मिठाच्या चमच्यावरून तासभर भांडता तुम्ही. तिथंच कसे गप्प बसलात?" त्याचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर मला बरे वाटले असते. "आणि नंतर? नऊ आठवडे?"

"लाज वाटली. आणि तू रोज येत होतास. सांगितल्यावर येणार नाहीस असं वाटलं."

तो उठला. कुबड्या त्याने मेजाला टेकवून ठेवल्या, माझा हात सहज पोचेल अशा बेताने, आणि दुकानाचे काचेचे दार ओढून निघून गेला.

सतरा पायऱ्या माझ्यासमोर होत्या. पत्नीला हाक मारता आली असती. परंतु तिला काय सांगायचे, हे आधी ठरवावे लागले असते. मी एक कुबडी तिथेच सोडली आणि कठडा धरला. चढताना आधी चांगला पाय, असे फिजिओथेरपिस्टने पढवले होते. पाच-सहा पायऱ्या मी हातांवर ओढून घेतल्या. मग हात थकले आणि भार कुठे तरी टाकणे भागच पडले, तो डाव्या पायावर गेला. पाय दुखला, पण त्याने भार घेतला. मी क्षणभर तसाच उभा राहिलो आणि ज्या डॉक्टरने, ज्या मुलीने आणि ज्या घरच्या माणसांनी हा पाय मला परत दिला, ती सर्व माणसे या पायावर माझ्याहून अधिक विश्वास ठेवून होती, हे माझ्या ध्यानात आले.

वर पत्नी दारात उभी होती. "एकटे आलात? पान्या कुठंय?"

मी तिला तिथेच, उंबरठ्यावर, धापा टाकत सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले.

"माझ्या भावाला मी बावळट म्हटलं," ती म्हणाली. "तुमच्यासमोर. तेव्हा तरी तोंड उघडायचं."

"हो."

"बसा आता. पडाल." ती खिडकीशी गेली, पडदा बाजूला केला आणि तशीच थांबली. "गाडी खालीच आहे त्याची. आत बसलाय."

तिने खिडकी उघडून हाक मारली, "पान्या, वर ये. चहा टाकते."

तो आला. माझ्याकडे न पाहता विचारले, "कसे चढलात?"

"पायानं."

"डाव्यानं पण?"

"त्याच्यावाचून इलाज नव्हता."

"मी काचेतून बघत होतो. सहाव्या पायरीला उतरणार होतो गाडीतून." त्याने खुर्ची ओढली, चहा अर्धा संपवला, मग खिशातून एक लहान वही काढून माझ्यापुढे ठेवली. "आमच्यात एक नियम आहे. लावलेल्या स्क्रूला जो हात लावतो, तो वहीत लिहितो. तारीख, काय केलं, कुठपर्यंत, खाली सही. लिहा."

मी पेन घेतले. प्रथम पार्श्वभूमी, नंतर कारणमीमांसा आणि शेवटी प्रत्यक्ष कृती अशी मांडणी मनात आखून मी पहिले वाक्य लिहू लागलो.

"एका ओळीत," तो म्हणाला.

"एका ओळीत संदर्भ येणार नाही."

"संदर्भ कोणी मागितला नाही, भाऊजी."

पत्नी ओट्याशी पाठ करून उभी होती. तिचे खांदे हलले, ती हसत असावी. मी लिहिले: डावा खटका साडेचारवरून आठवर मी नेला, कोणालाही न विचारता व न सांगता. तारीख घातली, सही केली. आयुष्यात इतके कमी शब्द लिहून इतका हलका मी कधी झालो नव्हतो.

त्याने ती ओळ दोनदा वाचली. मग पेन घेऊन खाली स्वतः लिहिले: आठची खूण माझी. स्की दुसऱ्याला देताना ती पुसायला हवी होती, पुसली नाही.

"हे चूक आहे," मी म्हणालो. "तुझा दोष इथे मुळीच येत नाही. खूण होती म्हणून स्क्रू फिरवावा, असा अर्थ होत नाही."

"होत नाही. पण खूण होती."

"ही ओळ काट."

"वहीत काटाकाट चालत नाही."

"मग मी खाली माझा आक्षेप नोंदवतो."

"अहो, चहा प्या," पत्नी म्हणाली.

मी पेन काढून घेऊन वही धरून होतो आणि तो ती ओढत होता. शेवटी मी विचारले, "उद्या ऑफिसात काय सांगणार आहेस?"

"जागा घेतो म्हणून सांगणार," तो म्हणाला. "डावा मी लावला होता. आधी लावला होता. बोटाला गार लागलं होतं." त्याने वही खिशात टाकली आणि माझ्यापुढे हात पसरला. "पेन द्या. ऑफिसचा फॉर्म गाडीत पडलाय, इथंच भरतो."