नळीतली हवा

हरिताच्या प्रबंधाचा चौथा भाग एका काचेच्या नळीवर उभा होता, आणि त्या नळीत हवा शिरली होती. हे तिला कळून आठ दिवस झाले होते. तिचे मार्गदर्शक राजगोपाल सर यांना मात्र अजून पत्ता नव्हता.

नळीत होतं द्रवस्फटिक. म्हणजे तेलासारखं वाहणारं, पण रेणू एकाच दिशेला तोंड करून उभे. नळी चुंबकात ठेवायची, अणुकेंद्रांचे स्पिन, म्हणजे त्यांचे चिमुकले चुंबक, रेडिओलहरींनी विस्कटायचे, आणि ते किती वेळात जाग्यावर येतात ते मोजायचं. हरिताच्या नळीत हा वेळ जगभरच्या मोजमापांपेक्षा कमी आला. सर हरखलेच. निवृत्ती जवळ आलेली, आणि जाता जाता रेणूंची नवी हालचाल हाती लागलेली! शोधनिबंध गेला, आणि सरांनी ही बातमी गावाकडच्या जुन्या राजवाड्यामागे राहणाऱ्या चुलतभावापर्यंत स्वतः पोचवली.

नियतकालिकाच्या परीक्षकाने पुन्हा मोजायला सांगितलं. नव्या नळीत वेळ आला तो जगासारखाच. तेव्हा कुठे हरिताच्या डोक्यात उजेड पडला. पदार्थात विरघळलेला प्राणवायू स्वतःच चुंबकी, तो स्पिनना लवकर ताळ्यावर आणतो. म्हणून नळी दोन दिवस पंपाला लावून तो ओढून काढायचा असतो. पहिली नळी तिने लावली नेमकी आयुधपूजेच्या आदल्या दिवशी. पूजेला यंत्रांना विश्रांती. तिनेच हौसेने सगळ्यांना गंधकुंकू लावलं, सुंडल, म्हणजे प्रसादाची हरभऱ्याची उसळ, वाटलं आणि पंप बंद केला. नळी आणि पंपामधली झडप तशीच उघडी, म्हणजे हवा परत आत. विजयादशमीला पंप सुरू केला आणि तासाभरात नळीचं तोंड वितळवून मिटवलं. शहाणी!

परीक्षकाला उत्तर उद्या पाठवायचं होतं. ती सरांच्या खोलीत गेली आणि सगळं सांगून टाकलं. प्रयोगशाळेत कारभार तमिळमध्ये चाले. मराठी या दोघांपुरती; सरांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात रुजलेलं मराठी, म्हणून त्यांची बोली जुन्या वळणाची.

सरांनी दोन्ही आलेख शेजारी शेजारी धरले.

"झडप?"

"उघडीच राहिली, सर."

"पूजा कर म्हणून मीच सांगटलों." त्यांनी आलेख खाली ठेवले. "निबंध मागं घेऊं. तो भाग परत लिही. सहा महिने जातील, जाऊं देत."

हरिताला रडूच फुटलं. इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"कधीं कळलं तुला?"

"आठ दिवस झाले."

सरांनी चष्मा काढला. "परवा माझा निरोपसमारंभ झाला. भाषणभर मी ह्या शोधाचंच सांगत होतों. तूं पहिल्या रांगेत होतीस. टाळ्या वाजवत होतीस."

"तुमचा आनंद मोडवेना, सर."

"कीं मी गेल्यावर सांगणार होतीस?"

आठ दिवस हरिताने अगदी हाच हिशेब केला होता. परीक्षकाने तारीख दिली नसती तर तो पारही पडला असता. तिला स्वतःची लाज वाटली.

सरांनी संगणक सुरू केला आणि निबंध मागे घेण्याचं पत्र लिहायला घेतलं. तिला बस म्हणाले नाहीत.