आधारच्या जागी अंधार

केमोच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर ती पाटी होती: ‘कर्करुग्णांसाठी मानसिक अंधार. निःसंकोच फोन करा.’ खाली नंबर.

मी जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासली. आतड्याचा कॅन्सर झाला तरी ती खोड काही गेली नाही. ‘आधार’चा काना गळाला होता आणि कुठला तरी अनुस्वार उगाच डोक्यावर येऊन बसला होता. दर वेळी ती चूक मला दिसायची आणि मी गप्प बसायचो. आपण कोण सांगणारे?

त्या सकाळी गप्प बसणं अवघड झालं. बरेच दिवस एकच विचार मनात ठाण मांडून होता, की आता आपण नसलेलंच बरं. सून औषधांच्या रांगेत गेली तेव्हा तो इतका जवळ आला, की मला माझीच भीती वाटू लागली. मदत मागायला जीभ रेटेना. चूक सांगायला मात्र कसली लाज? मी नंबर लावला.

“नमस्कार. तुमच्या पाटीवर शुद्धलेखनाची चूक आहे.”

“कुठली हो?” पलीकडे एक बाई होत्या.

“आधारच्या जागी अंधार झालाय.”

त्या हसल्या. “अगंबाई. आणि आम्ही म्हणतोय, लोक फोन का करत नाहीत.”

मलाही हसू आलं. काम झालं होतं. फोन ठेवायला हवा होता, पण ठेववेना.

“आजोबा, एवढ्यासाठीच फोन केलात?”

“तुमचा वेळ तर घेत नाही ना मी?”

“मला पगार त्याचाच मिळतो.” मग तितक्याच शांतपणे त्यांनी विचारलं, “जीव द्यावा असं वाटतं का?”

इतकं सरळ मला कुणी विचारलं नव्हतं. घरात सगळे धीर धरा म्हणायचे.

“हो,” मी म्हणालो. “आज जास्तच.”

“बरं केलंत सांगितलंत. फोन ठेवू नका. केमोच्या खोलीतच आहात ना? मी वरच्याच मजल्यावर आहे, जिना उतरतेय.”

त्यांना लागलेली धाप मला फोनमधून ऐकू येत होती. समोर येऊन बसल्या तरी थोडा वेळ आम्ही दोघं फोनवरच बोलत होतो.

तेवढ्यात सून परतली. “काय झालं, बाबा?”

“तुम्हीच सांगा,” बाई मला म्हणाल्या. “मी आहे इथे.”

मी सांगितलं. सून औषधांची पिशवी मांडीवर घेऊन स्टुलावर बसली. “बाबा, जगाच्या चुका काढता, आणि एवढं मोठं वाक्य गाळलंत?” माझा हात तिने मग सोडलाच नाही.

त्याच दिवशी मानसोपचाराच्या डॉक्टरांनी तपासलं. गोळ्या सुरू झाल्या, घरात कुणी ना कुणी सोबत राहू लागलं. तो विचार अजूनही अधूनमधून डोकावतो. आला की मी नंबर लावतो. आता शुद्धलेखनाचं निमित्त लागत नाही. बाईंचे आभार मानले की त्या पाटी छापणाऱ्याकडे बोट दाखवतात. त्यालाही कधीतरी भेटावं म्हणतो, पण काय बोलणार? तुम्ही चुकलात, फार बरं झालं?

नव्या पाटीचं प्रूफ बाईंनी माझ्याकडेच दिलं. अक्षर न् अक्षर पाहिलं, चूक सापडली नाही. तरी पेन्सिलीने खाली एक ओळ भीत भीत वाढवली. ती त्यांनी तशीच छापली:

‘चूक सांगायलाही फोन केलात तरी चालेल.’