न केलेली आंघोळ

माझं तोंड फटकळ. सून म्हणते, आई, तुमच्यापुढं कंपनीचा भोंगासुद्धा हळू वाटतो. असू दे. पण एक निरोप वीस-बावीस वर्षं माझ्याच तोंडात अडकून पडला होता. ज्या बाईला तो द्यायचा, ती कुठं आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

निरोप माझ्या आईचा. गवरा तिचं नाव. जायच्या आधी तिनं माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "शालन, सरू कवा भेटली तर तिला येवढं सांग. म्या आंघोळ न्हाई केली."

सरू म्हणजे आईची धाकटी बहीण. माझी मावशी खरी, पण माझ्याहून आठच वर्षांनी मोठी, त्यामुळं मला ती मैत्रिणीसारखीच. माझं लहानपण सगळं आजोळी गेलं, चाकणच्या वरच्या अंगाला, भामा नदीच्या काठी. मावशी मला पाठुंगळी घेऊन कांद्याच्या वावरातनं पळायची. बोटं तोंडात घालून अशी शीळ मारायची, की पलीकडच्या तीरावरची गुरं माना वर करायची. आजी ओरडायची, "पोरीच्या जातीला शोभतं का हे?" मावशी मान डोलवायची आणि आजीची पाठ वळली की पुन्हा शीळ! काय दिवस होते ते. आता त्या वावरावर गाड्यांचे पार्ट बनवायची कंपनी आहे, आणि जिथं आमची विहीर होती तिथं ट्रक उभे राहतात. तिथनं जाताना मी बसच्या दुसऱ्या खिडकीकडं बघते.

पुढं मावशी पिंपरीला औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागली. पहाटेच्या एसटीनं जायची. तिथं तिला खंडू भेटला. फिटर होता, बौद्ध घरातला. एक दिवस मावशी कामाला गेली ती आलीच नाही. दोघांनी लग्न केल्याची बातमी तेवढी आली.

माझा आजा गेनबा, तापट माणूस. आई आणि मी तेव्हा तिथंच होतो. त्यानं सगळ्या घराला सांगितलं, सरूच्या नावानं आंघोळ करा. आमच्याकडं जित्या माणसाच्या नावानं आंघोळ केली की ते माणूस मेलं. त्याचं नाव काढायचं नाही, वाट बघायची नाही. माझ्याही डोक्यावर गार पाणी ओतलं. मला वाटलं, मावशी खरंच मेली. मी भोकाड पसरलं. आई न्हाणीत गेली, तिनं हंडा नुसता जमिनीवर रिकामा केला, केस तेवढे भिजवले आणि बाहेर आली. कुणाला कळलं नाही. कळलं असतं तर आज्यानं तिलाही घराबाहेर काढलं असतं.

पण बाहेर बातमी गेली ती एकच, की सगळ्या घरानं आंघोळ केली. आजा होता तोवर शोधायची हिंमत नव्हती, आणि तो गेला तोवर मावशीचा ठावठिकाणा हरवला होता. आईला आयुष्यभर तेच खात होतं. सरूला काय वाटलं असेल?

आता गेल्या वर्षीची गोष्ट ऐका. आमचे नानासाहेब, म्हणजे माझ्या मालकांचे चुलतभाऊ, सकाळी सकाळी वाड्यावस्त्यांवर सांगत सुटले. पुण्याहून एक बाई येणार, थुंकी तपासून माणसाचं मूळ सांगणार! झालं. सगळी भावकी मारुतीच्या देवळापुढं टोप्या घालून हजर. नानासाहेबांनी फेटा बांधलेला. बाई आली, तर चष्मा लावलेली तिशीची पोरगी. मैत्री नाव. तिनं नमस्कार केला, तोवर नानासाहेबांनी बाप, आजा, पणजा करत पार मूळ पुरुषापर्यंत वंश म्हणून दाखवला. एका दमात. त्यात एकाही बाईचं नाव नाही. जशी काय सगळी झाडालाच लागली होती!

पोरगी शांतपणे म्हणाली, "बाबा, मला आईकडचं हवंय."

"मंग आधी न्हाई का सांगायचं," म्हणत नानासाहेबांनी फोन लावला आणि खेडहून आपल्या मामाच्या पोराला गाडी धाडून आणवलं. पोरगा कसला, साठीचा बाप्या. तो धापा टाकत येऊन उभा. मैत्री म्हणाली, "मामा असते तर चाललं असतं. यांच्यात यांच्या आईचं आलं, तुमच्या आईचं नाही."

"मामाचा पोरगा आईकडचा न्हाई, तर मंग कोन हाय?" नानासाहेब कावलेच.

मला हसू आवरेना. पदर तोंडाला लावला तरी खिदळलेच. मैत्रीनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "आजी, तुम्ही देता का?"

मग माझी थुंकी नळीत घेऊन, ओट्यावर बसून तिनं मला समजावलं. आपल्या शरीरात एक बारीकसा अंश असतो, तो फक्त आईकडून येतो. लेकाला मिळतो, लेकीला मिळतो, पण पुढं देते ती फक्त लेक. मी म्हटलं, "म्हंजी विरजणासारखं. आईनं दिलं, तिला तिच्या आईनं दिलं." पोरगी खूश झाली. तिनं विचारलं, तुमच्या आईची आई कुठली, तिची आई कुठली? मी आठवून आठवून सांगितलं. मी भामेकाठच्या आईची. आजी नाणे मावळातली. पणजी तर घाटाखालची, ती भाताच्या पेजेशिवाय जेवायची नाही म्हणे. सांगता सांगता माझंच मला नवल वाटलं. नानासाहेबांचे बाप्ये नऊ पिढ्या एकाच ओट्यावर बसून राहिले, आणि आमच्या बाया एकेक डोंगर, एकेक नदी ओलांडत इथवर आल्या. दर लग्नाला एक मुक्काम पुढं.

"आणि पुढं?" मी विचारलं.

"तुम्हाला मुली किती?"

"दोन्ही मुलगेच. आईलाही मी एकटीच."

तिनं ते वहीत लिहून घेतलं, आणि मला कळलं. माझ्या आईचं जे काही होतं, ते माझ्यापाशी संपणार होतं. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं. दोन लेक झाले म्हणून गावभर पेढे वाटले होते आम्ही. त्या रात्री मी मालकांशी उगाच भांडले.

दोनेक महिन्यांनी मैत्री दुपारची एकटीच आली, स्कूटरवरून. चहा पुढं ठेवला तरी कप उचलेना. शेवटी म्हणाली, "आजी, तुमच्यात जो प्रकार सापडला तो फार दुर्मिळ आहे. आमच्या प्रयोगशाळेत शेकडो नमुने आहेत, त्यांत असा आधी एकच होता."

"कुणाचा?"

"माझा."

ती घाईनं म्हणाली, "यावरून नातं जवळचंच असं म्हणता येत नाही हं. हजारो वर्षांपूर्वीची एखादी बाई दोघींची आई असेल, इतकंही लांबचं असू शकतं. पण माझ्या आजीचं, म्हणजे आईच्या आईचं, माहेर आम्हाला कुणालाच माहीत नाही. विचारलं की म्हणते, मला माहेर न्हाई. बोलते मात्र अगदी तुमच्यासारखी. म्हणून मी या बाजूची गावं मागून घेतली."

"आजीचं नाव काय गं?"

"सरूबाई. कासारवाडीला असते."

"आणि आजोबा?"

"खंडू. पिंपरीला औषधाच्या कंपनीत फिटर होते. आता नाहीत ते."

"अगं बाई!" मी तिच्याजवळ सरकले. मग तिचा हात धरून विचारलं, "शीळ घालती का गं ती?"

मैत्रीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसायला लागली. "माझ्या लेकीला तीच शिकवते. आई ओरडते दोघींना."

लेक! मैत्रीला लेक होती. आज्यानं जिला मेली म्हणून पाण्यात सोडलं, आईचं विरजण तिच्याच घरात टिकलं होतं. मी देवाला हात जोडले, आणि आज्याला मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या.

लुगडंही न बदलता मी तिच्या स्कूटरवर बसले. मोशी गेली, भोसरीला ट्रॅफिकमध्ये अडकलो, नाशिकफाटा आला. मी सारखी मनात तेच घोळवत होते. मावशी, आईनं आंघोळ केली नव्हती. मावशी, आईनं आंघोळ केली नव्हती. मला भीती वाटत होती, दारातच तिनं हाकललं तर?

रेल्वे लाइनीजवळची जुनी बिल्डिंग, तळमजला. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. खाली सतरंजीवर एक म्हातारी मेथी निवडत बसलेली. तिनं वर पाहिलं. हातातली काडी तशीच राहिली.

"तोंड गवराचं हाय," ती म्हणाली.

"मावशी, मी शालन."

तिनं ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी तिच्यापुढं बसले आणि एका दमात सांगून टाकलं. आई न्हाणीत गेली, हंडा जमिनीवर ओतला, केस तेवढे भिजवले. मरताना म्हणाली, सरूला सांग, म्या आंघोळ न्हाई केली.

"परत सांग," मावशी म्हणाली.

मी परत सांगितलं.

"गवरा गेली?"

"बावीस वर्षं झाली."

मावशीनं हातातली मेथी खाली ठेवली. मग हळू आवाजात बोलायला लागली. "आबाच्या गावचा एक जण व्हता कंपनीत. त्यानं गेटवर सांगितलं, सगळ्या घरानं आंघोळ केली, गवरानंबी. म्या घरी आले. मोरीत बसले. आबाच्या नावानं तांब्या वतला, आयेच्या नावानं वतला. आन गवराच्या नावानं अख्खी बादली उपडी केली. तिच्यावर माझा लई जीव व्हता ना, म्हनून." तिचा आवाज फुटला. "तिनं मला जितं ठिवलं गं शालन. आन म्या तिला तवाच मारून टाकलं."

मैत्री दारात उभी राहून रडत होती. मावशी लहान पोरासारखी हुंदके द्यायला लागली. मी तिला कवेत घेतलं. किती हलकी झाली होती.

"मावशी," मी म्हटलं, "सरूनं काय केलं ते विचारून ये, असं आई म्हणाली नव्हती. तिनं मला फक्त सांगायला सांगितलं होतं."