पाळणे थांबवणारी

नाताळात लेकीला रजा मिळेना, म्हणून आईबाप आणि धाकटी बहीणच तिच्याकडे आली. बर्फाचं गाव, ऐन गर्दीचे दिवस. हॉटेलांत पाय ठेवायला जागा नव्हती. पण लेक राहायची रोपवेच्या खालच्या स्टेशनमागं, दोन खोल्यांत. तिकडं कुणी फिरकत नसे. खिडकीतून सावकाश वर जाणारे पाळणे तेवढे दिसायचे.

लहानपणी ती एका जागी टिकत नसे, म्हणून घरात तिचं नाव भिंगरी. आता तीच दिवसभर खुर्चीत बसून रोपवे चालवते, याचं आईला हसू यायचं. वडिलांना नाही. ते शिंपी. पोरीनं मोठ्या ऑफिसात बसावं, ही त्यांची इच्छा. 'यंत्राचे दांडे ओढायला शिकवलं का एवढं,' असं ते एकदा बोलून गेले होते. तेव्हापासून बापलेक तो विषय काढत नसत.

सुट्टी मात्र मजेत चालली होती. कुठं जायचं नाही, कुणाला भेटायचं नाही. पत्ते, गरम सूप, दुपारची झोप. वडिलांनी तर पडद्यांच्या उसवलेल्या कडाही शिवून टाकल्या.

नाताळच्या सकाळी भिंगरी कामावर गेली आणि धाकटीनं हट्ट धरला. वडील तिला घेऊन पाळण्यात बसले. सोबत एक जोडपं आणि त्यांची म्हातारी आई.

निम्म्या वाटेवर वारा सुटला. पाळणा थांबून हेलकावे खाऊ लागला. खाली नुसती दरी. म्हातारी रडायला लागली, तिचा मुलगा दार चाचपू लागला. तेवढ्यात वरच्या स्पीकरमधून आवाज आला.

"वारा वाढलाय म्हणून पाळणे मीच थांबवलेत. काही बिघडलेलं नाही. दाराला हात लावू नका, बसून राहा. मी बोलत राहते तुमच्याशी."

आणि ती बोलत राहिली. वारा किती उतरला, पाळणे उलटे फिरवून खाली कसे घेणार, सगळं सांगत गेली. आवाज चढला नाही की कापला नाही. हा आवाज वडिलांच्या घरातला होता, पण असा त्यांनी कधी ऐकला नव्हता. कोण गं बाई ही, म्हातारीनं डोळे पुसत विचारलं.

"माझी मुलगी," वडील म्हणाले. "ती उतरवते म्हणाली ना, म्हणजे उतरवणार."

पाळणा अलगद खाली आला. भिंगरी बसायची त्या काचेच्या खोलीपाशी जमून लोक तिला हात करत होते. वडील लांबच थांबले. वरचे पाळणे अजून यायचे होते.

संध्याकाळी चौकात बँड वाजत होता. घरात चौघंच. भिंगरी सूपाचा वाडगा हातात धरून खिडकीतून थांबलेले पाळणे मोजत होती. वडिलांनी तिच्या हातातला वाडगा काढून खाली ठेवला आणि दोन्ही हात आपल्या हातांत धरले.

"उद्या मी तुझ्या खुर्चीमागं उभा राहिलो तर चालेल?"

"नियमात बसत नाही, बाबा."

"मग काचेबाहेर राहीन," ते म्हणाले.