भिंगरीच्या खुर्चीची बॅटरी

"आई, माझी बॅटरी पडून राहू देऊ नकोस हं. माझं झालं की चावीवाल्या काकांना देऊन टाक. आणि तोवर भरून ठेवायची नाही, अर्ध्यावर ठेवायची. कशी ठेवायची ते बाबांना माहीत आहे, पण ते विसरतील."

भिंगरीने हे सांगितलं ते दूध उतू जाईल, लक्ष ठेव, असं सांगावं तसं. आई तेव्हा तिची वेणी घालत होती.

"गप गं. भलतंसलतं बोलू नये."

"आधी हो म्हण, मग गप्प बसते."

"हो गं बाई, हो."

लेकराला गप्प करायला आपण हो म्हणतो, तसाच तो हो होता. पण आई सकाळ-संध्याकाळचा नेम पाळणारी. एकदा तोंडातून गेलेला शब्द तिला देवापुढे ठेवल्यासारखाच वाटायचा. भिंगरी गेली, पावसाळा गेला, थंडीही सरली, आणि तो हो तसाच पाळायचा राहिला.

आई आणि बाबा दोघेही जुन्या बॅटऱ्यांच्या कारखान्यात कामाला होते. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. मोडक्या स्कूटरींच्या, लॅपटॉपच्या बॅटऱ्या तिथे यायच्या. त्या उघडल्या की आत बोटाएवढे सेल दाटीवाटीने बसलेले असत. सगळे काही मेलेले नसत. आईचं काम त्यांची पारख करायचं. सेल आधी भरायचे, मग फळीवर नुसते पडू द्यायचे आणि काही आठवड्यांनी पुन्हा मीटर लावायचा. भरल्या भरल्या सगळेच गुणाचे दिसतात. खरा कोण आणि पोकळ कोण, ते स्वस्थ पडून राहिल्यावर कळतं. जे आपोआप उतरत ते ड्रममध्ये जात. तिथून मोठ्या गिरणीत दळून त्यांची काळी पूड व्हायची, आणि त्या पुडीतले धातू काढून पुन्हा नवे सेल. जे टिकत ते बाबांच्या टेबलावर येत. बाबा पट्ट्या जोडून त्यांच्या नव्या बॅटऱ्या बांधत.

लहानपणापासून भिंगरीच्या पायांतलं बळ ओसरत चाललं होतं. बाबांनी तिच्या चाकांच्या खुर्चीला अशीच निवडक सेलांची बॅटरी बांधून दिली. पोरगी शेडच्या दारात खुर्ची जागच्या जागी गरागरा फिरवायची, म्हणून ती भिंगरी. "मी भंगारातली महाराणी!" म्हणायची. ड्रम भरून गाडी निघाली की हात हलवायची: "जा रे बाबांनो, पुढच्या जन्मी चांगल्या घरी या!"

चावीवाले काका तिला दवाखान्यात, व्यायामाच्या खोलीत भेटले. त्यांचीही खुर्ची, तिची बॅटरीही बाबांनीच बांधलेली, डबा त्याच मापाचा. दोघांची तिथे जुंपायची. "काका, शर्यत लावू या?" "अगं, मला ब्रेक आहे, तुला नाही." "मला ब्रेक कशाला? मला तोंड आहे!"

आता ती खुर्ची घरात खिडकीपाशी उभी होती. आणि बाबा रोज संध्याकाळी हातपाय धुतले की तिला चार्जरची वायर जोडत. लाल दिवा लागायचा. जेवणं होईपर्यंत तो हिरवा व्हायचा, मग बाबा अंथरुणावर पाठ टेकत.

शेडमध्ये हाच माणूस साऱ्यांना ओरडायचा, "भरून ठेवू नका रे! भरलेली पडून राहिली की लवकर म्हातारी होते. अर्ध्यावर ठेवा!" आणि घरात मात्र तुडुंब. भिंगरी होती तेव्हाही रोज रात्री भरावीच लागायची, सकाळी तिला बाहेर जायचं असे. तो हात तसाच चालत राहिला होता. आईला सगळं दिसत होतं. पण त्या हिरव्या दिव्यावर एक माणूस दिवस ढकलत होता. तो विझवायला जीभ कुठून आणायची?

मग एका दुपारी काकू शेडमध्ये आल्या. चावीवाल्या काकांच्या त्या. कापडी पिशवीतून त्यांनी काकांची बॅटरी काढून आईपुढे ठेवली.

"बघ गं बाई, हिने मान टाकली. आता माझी टाकायची वेळ आलीय."

आईने मीटर लावला. अर्धेअधिक सेल संपले होते. "काकू, ही ड्रमचीच आहे आता."

"मग दुसरी द्या. दुकान बंद पडलंय. घरात बसून मला किल्ल्या घासायला लावतात आणि वर म्हणतात, तुझा दात चुकला. म्हटलं, माझे सगळेच दात चुकलेत, म्हणून तर तुमच्याशी लग्न केलं!"

आजूबाजूचे हसले. बाबाही टेबलावरून किंचित हसले. "काकू, सेल अजून फळीवर आहेत. एका ओळीपुरते तयार झालेत, बाकीच्यांची पारख व्हायचीय. घाईत बांधून दिली तर रस्त्यात दगा देईल. पुढच्या महिन्यात बघू."

काकू पिशवीची घडी घालत उभ्या राहिल्या. मग आवाज उतरवून आईला म्हणाल्या, "हल्ली बोलत नाहीत गं. खिडकीशी बसतात. काल म्हणाले, पोरगी म्हणाली होती, माझी बॅटरी तुम्हाला. मी म्हटलं, कुलपांचा धंदा ना तुमचा? मग तोंडाला एक लावा. तू मनावर घेऊ नकोस हं."

आईने मान हलवली. टेबलापाशी बाबांच्या हातातली पट्टी खाली पडली. त्यांनी ती उचलली नाही.

त्या संध्याकाळी बाबा वायर घेऊन खुर्चीपाशी येण्याआधी आई तिथे बसली होती. हातात मीटर. इतके महिने तिने तो खुर्चीला लावला नव्हता.

"काय करतेस?"

"अहो, आतल्या सेलांची एक ओळ उतरायला लागलीय."

बाबा खाली वाकले. "किती?"

"थोडीच. बाकीच्या ठीक आहेत. पण या उकाड्यात अशीच भरत राहिलात, तर एकेक करून सगळ्या जातील. मग तिची बॅटरीही ड्रममध्येच."

बाबांनी बॅटरीच्या डब्यावर हात ठेवला.

"मी तिला हो म्हटलंय," आई म्हणाली. "चावीवाल्या काकांना देईन म्हणून."

"कधी?"

"वेणी घालताना."

"आणि मला आज सांगतेस?"

"तुम्ही रोज भरत होतात. कुठल्या तोंडाने सांगू?"

बाबांनी वायरीचं टोक बोटांत फिरवलं. "अगं, माहीत आहे मला. माझ्याच हाताखाली सारे शिकलेत. पण दिवा हिरवा झाला की वाटतं..."

बाबांनी वायर हातावर गुंडाळली, गाठ मारली आणि वरच्या फळीवर ठेवून दिली.

"ती ओळ पहाटे बदलून देतो. तयार सेल शेडमधून आणतो. पण भरलेली उघडायची नाही. आधी अर्ध्यावर आणायला हवी."

"कशी?"

"चालवायची." त्यांनी दार उघडलं. "बस."

"मी?"

"रिकामी खुर्ची बॅटरी उतरवायला फार वेळ लावेल. वजन हवं."

आई त्या खुर्चीत कधीच बसली नव्हती. पुसली होती, ढकलली होती, शिव्या घातल्या होत्या. खुर्ची चालवायच्या दांडीची मूठ एका बाजूला गुळगुळीत झाली होती, भिंगरीच्या अंगठ्याच्या जागी. आईने तिथेच आपला अंगठा टेकवला. खुर्ची हलली.

गल्लीत अजून उजेड होता. कोपऱ्यावरच्या वाण्याने पाहिलं आणि काही न विचारता वाटेतलं स्टूल आत घेतलं. बाबा शेजारून चालत होते, हात पाठीवर बांधून. खालून जग वेगळंच दिसत होतं: लोकांचे चेहरे नाहीत, हात दिसत होते, हातातल्या पिशव्या, उंबरठे, आणि पायरीवर बसलेल्या कुत्र्याचे डोळे अगदी समोर. म्हणजे पोर इतकी वर्षं हे बघत होती तर. आणि हसत होती.

वळणावर काकांचं दुकान आलं. शटर खाली. उभ्या माणसाला दिसलं नसतं, पण खुर्चीतून दिसलं: खालच्या फटीत चिठ्ठ्या खोचलेल्या होत्या. 'काका, कधी उघडणार?' 'कपाटाची किल्ली हरवलीय.' एकीवर नुसतंच, 'बरे आहात ना?'

आईचे डोळे तेव्हा भरून आले. तिने ते पुसले नाहीत, कारण हात मुठीवर होता आणि तो तिला काढवेना.

चढावर गेले, उतारावर आले, परत चढावर गेले. बाबा मधूनमधून वाकून मीटर लावत. शेवटी दारापाशी आले तेव्हा ते खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पुरे गं आता. दमलीस." आईने वर पाहिलं. ते तिच्याशी बोलत नव्हते.

सकाळी नेम आटोपून आई उठली तेव्हा बॅटरी ओट्यावर तयार होती. नवी ओळ बसवून, डबा फडक्याने पुसून. बाबांचे डोळे लाल होते. खिडकीपाशी खुर्ची तशीच उभी होती, फक्त खालची जागा रिकामी.

आईने पिशवी उचलली. चांगलीच जड होती. दोन पावलांत तिने ती हातातून काढून कडेवर घेतली.

"काकांना सांग," बाबा आतूनच म्हणाले, "कामापुरतीच भरा म्हणावं. तुडुंब भरून ठेवू नका."

"सांगते," आई म्हणाली, आणि हलकेच दार ओढून घेऊन ती काकांच्या घराच्या दिशेने चालू लागली.