फडक्याखालचं तेल

मी एक जुना शॉकअप आहे. ‘जुना’ हे मेकॅनिकचं म्हणणं. त्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा, मित्रांनो.

मोटरसायकलच्या मागच्या चाकाशी, डावीकडे, माझी जागा. उजवीकडे माझा जुळा भाऊ. माझ्या स्प्रिंगच्या आत चकचकीत पोलादी दांडा, खाली नळीत तेल, आणि ते बाहेर येऊ नये म्हणून दांड्याला घट्ट धरून बसलेलं रबरी सील. खड्डा आला की स्प्रिंग उसळते, तेल तिला आवरतं.

जन्म? कारखान्यात झाला. रडलो नाही. पुढे.

कारण मला सांगायचंय ते गळतीबद्दल.

गाडी चालवते ती लेक. चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. मागे तिची आई. आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, आठवड्यातून दोनदा तिला व्यायामाला दवाखान्यात न्यावं लागतं. डॉक्टरांनी बजावलंय : एक जोराचा दणका, की पुन्हा ऑपरेशन. आणि लेकीचे वडील, अप्पा. चाळीस वर्षं बँडमध्ये ट्रंपेट वाजवून निवृत्त झाले. आता रोज सकाळी गाडी पुसतात. “बघा, कसा आरसा केलाय!” असं म्हणून मला थोपटतात. सात वर्षांत माझं कौतुक दुसऱ्या कुणी केलं नाही.

एक दिवस आई ओरडली, “अगं हळू! पाठ आहे ती माझी, ढोल नाही.”

“आई, वीसच्या वर गेलेच नाहीये.”

“मग गाडी बोकडासारखी उड्या का मारतेय?”

लेकीला वाटलं, व्यायाम टाळायची कारणं. मला वाटलं, भाऊच अंग चोरतोय. जुळा असला म्हणून काय झालं?

मेकॅनिकने सीट दाबून सोडली. “ताई, वर येताना दोनदा डुलतेय. आतलं तेल गेलं की असं होतं. पण तेल आहे कुठे?” मी कोरडा, लखलखीत. “गळत असता तर बरबटलेला दिसला असता. काकूंना उशी द्या एखादी.”

लेकीने डोळे बारीक केले. मागच्या सर्व्हिसिंगला यानेच नवा काढून जुना बसवला असेल! मलाही ते पटलं. मी नक्की मीच आहे का, याचीच मला शंका येऊ लागली.

त्याच आठवड्यात एका गतिरोधकावर आई ओरडली नाही. तिची बोटं लेकीच्या खांद्यात रुतली, एवढंच. घरी येऊन ती आडवी झाली. “आता मी गाडीवर बसणार नाही,” म्हणाली. व्यायाम बंद, म्हणजे पाठ आखडणार. बसली, तर दणका. लेक नखं खात उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी आईने पडल्या पडल्या खिडकीतून अप्पांना मला पुसताना पाहिलं.

“अहो, फडक्यावर काय आहे ते?”

“धूळ.”

“धूळ ओली असते होय? आणा इकडे ते.”

फडकं आईच्या उशाखाली गेलं. लेकीने मेकॅनिकला फोन करून फडक्यावरच्या तेलाचं सांगितलं. तो म्हणाला, “शॉकअपवर पावडर भुरभुरवा आणि तीन दिवस एकट्याच गाडी फिरवा. पुसायचं नाही!”

तोंडाची पावडर, मला! यातही काहीतरी डाव असणार.

तिसऱ्या दिवशी सगळे गॅरेजमध्ये. आई रिक्षाने आली. पावडरवर सीलपासून खाली काळा, ओला ओघळ उतरला होता. “टायरवर आलं असतं तर दोघी घसरल्या असत्या,” मेकॅनिक म्हणाला. त्याने मला खोलून दांडा उजेडात धरला. त्यावर बारीक ओरखडे होते. “हे रस्त्याने होत नाही. कुणीतरी याला पॉलिश पेपर मारलाय. ओरखड्यांनी सील कापलं.”

“तुझ्याशिवाय हात कुणाचा लागतो याला?” लेक म्हणाली.

मेकॅनिकने पाना खाली ठेवला. मी त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला तयारच होतो.

“त्याला बोलू नकोस,” अप्पा म्हणाले. “गंजाचा ठिपका होता. ट्रंपेट घासायचो तसा घासला. मग तेल दिसायला लागलं. वाटलं, माझ्याच हातून काही… म्हणून पुसत राहिलो.”

मग आई म्हणाली, “अहो, एवढी चकाकी माझ्या कढईला आणली असती, तर निदान ती गळली नसती.”

लेक हसली. मग मेकॅनिककडे वळली. “चुकलं माझं, दादा.”

शॉकअप जोडीनेच बदलतात, त्यामुळे भाऊही माझ्याशेजारी फरशीवर आला. तो कोरडा ठणठणीत होता. मी अजून त्याच्या नजरेला नजर दिलेली नाही.

मित्रांनो, मी सगळ्यांवर संशय घेतला. माझ्यावरून रोज फिरणाऱ्या हातावर मात्र कधीच नाही. तुमच्या वस्तू जरूर पुसा. पण पुसण्याआधी डाग कसला आहे ते बघा. आणि आपल्याच हातून काही बिघडलं असेल, तर फडकं बाजूला ठेवून सांगून टाका. ओरडा बसेल. पाठ तरी वाचेल.

नवी जोडी बसली. आई गाडीकडे निघाली.

“थांब,” म्हणत अप्पा आधी स्वतः मागे बसले. लेकीने त्यांना सगळ्या खड्ड्यांतून फिरवून आणलं. ते उतरले, दोन्ही हातांनी कंबर चाचपली, आणि मगच आईला म्हणाले, “बस आता.”